अंगातलं लोखंड

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आठ पूर्णांक चार! मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन आठ पूर्णांक नऊ होतं. महिनाभर इमानेइतबारे लोहाच्या गोळ्या गिळल्या आणि आकडा खाली! डॉक्टरबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "चारुता, गोळ्या घेतेस ना नक्की?" गृहपाठ विचारावा तसं. घेते हो बाई! दिवसभर तोंडात किल्ली चोखल्यासारखी चव असते, आणि सकाळी संडासात जे काही हाल होतात— जाऊ दे, वहीलाही लाज वाटेल.

चौदावा आठवडा लागला. बाळ ठीक आहे म्हणाल्या. रक्त तेवढं कमी. आता गोळ्या बंद, लोह थेट शिरेतून चढवायचं, सलाइनसारखं. येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता.

घरी येऊन सांगितलं. निनाद म्हणाला, "बरं झालं, एकदाचं संपेल." सासूबाईंनी फक्त वार विचारला. त्या एवढंच बोलतात तेव्हा मला जास्त भीती वाटते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

गंमत बघ. सहा वर्षं झाली कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरीला. खिडकीतून बघावं तिकडे लोखंड. सळया, अँगल, पत्रे, पाइप. खाडीचा वारा लागून सगळ्यावर तांबूस पापुद्रा. टेबलावर बोट फिरवलं तर बोट तांबडं. दुपारचा डबा उघडला की पोळीवरही तीच धूळ बसते. आणि डॉक्टरबाई म्हणतात, तुझ्यात लोह कमी!

काट्यावरच्या तुळशीरामकाकांना सांगितलं. ट्रकचं वजन करून पावती फाडणं हे त्यांचं काम, चिरनेरहून रोज मोटरसायकलवर येतात. खो खो हसले. "मॅडम, एवडं लोखंड पडलंय इथं, आन् तुमच्याच अंगात नाय? चला, काट्यावर चडा. वजन करतो नि पावती देतो डॉक्टरला."

मीही हसले. पण खुर्चीत बसवत नाही आजकाल. पाय सारखे हलतात. उठते, पाणी पिते, बसते, परत उठते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सासूबाईंचं काय करावं! लग्न होऊन आले तेव्हाच त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली होती— पाहुण्यांसमोर. "फिकट आहे गं पोरगी." तेव्हापासून हा कारखाना चालू आहे. पालक लोखंडी कढईत. वरणाची फोडणी लोखंडी पळीत. शेवग्याचा पाला, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, आळिवाचे लाडू. मूल होईपर्यंत माझे गाल लाल झाले पाहिजेत, असं त्यांचं गणित असावं. माहेरीही आई हेच करायची. बीट बघितलं की मी ताट सरकवते.

दिवस राहिल्यापासून नवीन भर. उशीखाली अडकित्ता! "पोटुशीच्या उशाशी लोखंड असावं. वाईट काही जवळ येत नाही." वाईट काय यायचं ते येवो, माझी मान मात्र आखडली आहे. काल हळूच काढून कपाटात ठेवला. आज परत उशीखाली होता.

कधी कधी वाटतं, या बाईंना मी दिसतच नाही. त्यांना फक्त माझी पापणी दिसते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

भांडण. चहाच्या वेळी.

"उद्या शनिवार आहे," सासूबाई म्हणाल्या.

"हो. अकराची वेळ आहे."

"शनिवारी लोखंड घेत नाहीत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. शनिवारी लोखंडाची वस्तू घरात आणायची नाही, खिळासुद्धा नाही, हे मलाही माहीत आहे. पण औषध? सलाइन?

"आई, ते विकत घेऊन घरी नाही आणायचं. ते शिरेत जाणार आहे!"

"मग? घरापेक्षा अंग मोठं. आणि तेही एकटीचं अंग नाही तुझं."

निनादकडे बघितलं. तो आधी हसला, मग आईचा चेहरा बघून हसू आवरलं, आणि जे म्हणायचं तेच म्हणाला, "दोन दिवसांनी काय फरक पडतो? सोमवारी जा ना." मधल्यामध्ये लटकणारा माणूस! मी तणतणत दवाखान्यात फोन केला. शनिवारचं कारण खरं सांगायची लाज वाटली. "घरी पाहुणे येतायत" म्हणाले.

अडाणीपणा आहे हा. शुद्ध अडाणीपणा. आणि मी ऐकलं, याचा राग जास्त.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज अकरा वाजता माझ्यात दोन चमचे लोह जायचं होतं. त्या वेळी मी ऑफिसात बसून चाळीस टन सळयांची बिलं करत होते. शनिवार असूनही सगळ्या गेल्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

नीट क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दवाखान्यात गेले. रक्ताच्या आधीच्या रिपोर्टला आठवडा झाला म्हणून परत रक्त काढलं. शनिवारी गेले असते तर जुनाच चालला असता, खाटेवर झोपवून लगेच सुई लावली असती. तर, खाली लॅबमध्ये किशोरी नावाची मुलगी आहे. तिने नळी मशीनमध्ये लावली, कागद बघितला, परत बघितला. मग काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकात बघत बसली. मी बाकावर. पाय हलवत.

बाहेर येऊन म्हणाली, "ताई, तुमच्या पेशी कमी नाहीयेत. उलट जास्त आहेत. पण सगळ्या बारीक. लोह कमी असेल तर असं सहसा दिसत नाही. लोहाचा साठा कधी तपासलाय?"

नाही. बाराव्या वर्षापासून सगळ्यांनी माझ्यात लोहच ओतलं. साठा कोणी मोजला नाही.

ती कागद घेऊन वर डॉक्टरबाईंकडे गेली. त्या आधी चिडल्या, वरून आवाज आला. मग शांत. सलाइन रद्द. दोन तपासण्या लिहून दिल्या. पहिलीचा निकाल संध्याकाळीच आला. लोह भरपूर! कमी तर नाहीच— भरपूर! दुसरीचं नाव हातभर लांब आहे, तिला तीन दिवस.

सासूबाईंना सांगितलं. विजयी मुद्रा अपेक्षित होती. त्यांनी एवढंच विचारलं, "मग रक्त का कमी?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

थॅलेसेमिया मायनर.

म्हणजे, मला समजलं ते असं. माझं रक्तच तसं घडलंय, जन्मापासून. आईकडून नाहीतर बाबांकडून आलंय. हा आजार नव्हे, मी अशीच थोडी फिकट राहणार. मला काही होत नाही. लोह कितीही घाला, आकडा वर जाणार नाही, कारण लोह कमी नव्हतंच. वीस वर्षांचं बीट वाया!

इथपर्यंत मी हसत होते. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, निनादची तपासणी करायची. लगेच. तो नॉर्मल असेल तर विषय संपला. पण तोही माझ्यासारखा असेल तर बाळाला मोठा आजार व्हायची शक्यता चारात एक. मोठा म्हणजे जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवत राहायचं. तसं निघालं तर पोटातलं, बाळाभोवतीचं पाणी काढून बाळाची तपासणी करायची, आणि मग आपण ठरवायचं. "वेळ फार नाही," म्हणाल्या. मग खाली बघत, "हे आधीच बघायला हवं होतं माझ्याकडून."

हवं होतं, बाई.

निनाद म्हणतो, "माझं हिमोग्लोबिन तेरा आहे. ठणठणीत आहे मी." मी म्हटलं, ठणठणीत तर मीही आहे. सासूबाई दारात उभ्या होत्या. "त्याला काही टोचायचं नाही. आमच्याकडे असलं काही नाही."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चारात एक. चारात एक. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा चारा-चाराने मोजतेय.

घरात स्वस्थ बसवेना म्हणून उगाच हात लावत फिरले. खिडकीची जाळी, कडी, बिजागऱ्या, तवा, विळी, शिलाई मशीन, झोपाळ्याच्या कड्या. बाथरूमच्या फरशीवर बोअरच्या पाण्याचा तांबडा डाग आहे, कितीही घासा, जात नाही. तोही लोखंडाचाच. माथेरानला गेलो होतो तेव्हा लाल मातीने मोजे तांबडे झाले, ते आजपर्यंत निघाले नाहीत. म्हणजे जमिनीत आहे, पाण्यात आहे, भिंतीत आहे, माझ्यात आहे. आणि बाळाच्या रक्ताला नुसतं लोखंड असून चालत नाही, ते धरून ठेवणारं काहीतरी नीट घडावं लागतं. ते घडलंय की नाही, ते निनादच्या एका नळीभर रक्तात आहे. आणि निनाद टीव्ही बघतोय!

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज तुळशीरामकाकांना सहज म्हणून तो शब्द सांगितला. त्यांच्या हातातला पावतीचा कागद तसाच राहिला.

"आमचे नातीला हाय," म्हणाले.

सहा वर्षं! सहा वर्षं या माणसाबरोबर चहा पितेय, आणि मी कधी विचारलं नाही की हा दर तीन आठवड्यांनी एक दिवस सुट्टी का घेतो.

समृद्धी. नऊ वर्षांची. "दर एकवीस दिसांनी रगत चडवाया लागतं, मॅडम. चडवलं का धावते. पंदरा दिस झालं का बसून राते, जिना चडवत नाय. आमाला तवा काय माईत? पोर पांडरी दिसते म्हनून लोखंडाची बाटली आनली. टॉनिक. वर्सभर पाजली येड्यावानी. पोट फुगत गेलं. मग मोठे डॉक्टर बोलले, बंद करा, या पोरीला लोखंड म्हंजे जहर हाय."

"का?"

"दुसऱ्याचं रगत येतं ना, त्यासंगं लोखंड येतं. ते भायेर जात नाय. साठतं. कालजावर, लिवरवर. मग ते काडायची येगली गोली, रोज पान्यात इरगलून." मग यार्डाकडे हात करून म्हणाले, "मी इथं दिसभर लोखंड मोजतो, आन् घरी तिच्या अंगातलं किती झालं त्याचा रिपोट बगतो."

एक ट्रक काट्यावर येऊन हॉर्न मारत होता. ते उठून गेले. मी संडासात जाऊन नळ सोडून रडले.

१६ नोव्हेंबर, रविवार

निनादला समृद्धीचं सगळं सांगितलं. ऐकलं त्याने. "बघू, या आठवड्यात जमवतो," म्हणाला. जमवतो! न्हावाशेवा बंदरातला कंटेनर सोडवायचाय का?

सासूबाई पोळ्या करत होत्या. टॉनिकचं सांगत होते तेव्हा त्यांनी तव्यावरची पोळी जाळली. मी या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज माझं चुकलं. पण लिहून ठेवते, कारण अर्धं बरोबरही होतं.

ऑफिसमधून आले. ताटलीत आळिवाचे दोन लाडू. रिपोर्ट कळल्यानंतरही! मी डबाच उचलला आणि कचऱ्याच्या बादलीत रिकामा केला. सासूबाई बघत राहिल्या.

"माझ्यात लोह कमी नाहीये, आई! किती वेळा सांगू? दोन वर्षं माझी पापणी ओढून बघितलीत. आता तुमच्या मुलाची बघायची वेळ आली तर त्याला टोचायचं नाही? माझ्या पोराला जन्मभर टोचलेलं चालेल तुम्हाला?"

ओरडले. शेजारच्यांनी ऐकलं असणार. निनाद मध्ये पडला, "अगं, आवाज—" म्हणून. मी म्हटलं, तू तर बोलूच नकोस. तू भितोस. सुईला नाही, कागदाला भितोस.

तो खाली बसला. म्हणाला, "हो. भितो." इतकं सरळ म्हणाला की माझा राग कुठे ठेवावा, कळेना. दोन वर्षांत तो मला इतका आवडला नव्हता. उद्या सकाळी जातो म्हणाला.

सासूबाईंनी बादलीतले लाडू दुसऱ्या पिशवीत बांधले, हात धुतले, आणि खोलीचं दार लावून घेतलं. त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

निनाद गेला. रक्त देऊन तसाच ऑफिसला. सासूबाई बरोबर गेल्या— पोराला चक्कर आली तर? तेहतीस वर्षांचा घोडा! मी हसू दाबलं. काल झालं तेवढं पुरे.

शुक्रवारी रिपोर्ट.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तीन बिलं चुकवली. एका गाडीत सळया होत्या, मी पाइप लिहिले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

समृद्धीला बघितलं.

काल तिला रक्त चढवलं होतं. आज आजोबांच्या मागे लागून बाजार बघायला आली. दोन वेण्या, पुढचा एक दात किडलेला. वयाच्या मानाने लहानखुरी. पण काय धावत होती! तुळशीरामकाका तिच्यामागे ओरडत, "अगो, सलई लागंल! पाय जपून!" मग तिला काट्यावर उभं केलं. साठ टनांचा काटा, त्याला ती कुठून कळणार! शून्य आलं. कंबरेवर हात ठेवून भांडली आजोबांशी, "काटा खोटा हाय तुमचा!"

माझ्याजवळ येऊन पोटाकडे बघत म्हणाली, "बाल हाय का आत?" हो म्हटलं. "मना दावाल?" दाखवीन म्हटलं. हातावर पट्टी होती, तिच्यावर पेनाने फूल काढलेलं.

मला ती फार आवडली. आणि ती समोर उभी असताना माझ्या मनात एकच चाललं होतं— देवा, असं नको, माझं असं नको. तिच्या तोंडाकडे बघून! लाज वाटली. अजून वाटतेय. जर निघालंच, तर ठरवायचं म्हणजे नेमकं काय ठरवायचं? काटा खोटा म्हणून भांडणारी ही पोर नको, असं? मला नाही येणार ठरवता. आणि तिला दर एकवीस दिवसांनी सुई टोचलेली बघताही नाही येणार.

उद्या कधी होणार. घरभर चालतेय. सासूबाई म्हणाल्या, "बैस गं जरा." पहिल्यांदाच, पापणीकडे न बघता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

निनाद नॉर्मल. नॉर्मल! बाळाला तो आजार होणार नाही. फार तर माझ्यासारखं फिकट निघेल. किशोरीचा फोन आला तेव्हा मी यार्डात होते, तुळशीरामकाकांचे दोन्ही हात धरले. ते म्हणाले, "लय बेस झालं, पोरी." पोरी म्हणाले.

संध्याकाळी निनादने पाकीट आणलं. आत दोन कागद. दुसऱ्यावर सासूबाईंचं नाव. मंगळवारी त्यांनीही हात पुढे केला होता, आणि निनादला कोणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं. त्या मायनर. माझ्यासारख्याच.

निनाद पेढे आणायला खाली गेला तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं. निनादच्या आधी एक मुलगी होती. रेवा. एकोणनव्वद साली, महाडला, दीड वर्षाची होऊन गेली. पांढरी पडत गेली, पोट तेवढं वाढत गेलं. निनादला कधी सांगितलं नाही. आईने पोटभर घातलं नाही म्हणून पोर गेली, असं घरातले म्हणायचे.

"लोहाचं टॉनिक द्यायचे गं मी. थुंकायची. नाक दाबून पाजायचे, रोज दोन चमचे. तीन द्यायला हवे होते का?"

मी त्यांचा हात धरला. "नाही, आई. कमी नव्हतं पडलं."

एवढंच म्हणाले.